करवंटीतला खाऊ

साळवेकाकांची ओळख झाली ती कुकरमुळे. आम्ही बदलापुरात नुकतेच राहायला आलो होतो. बदलापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची तीन मजली जुनी इमारत, आमचं घर पहिल्या मजल्यावर. त्या दिवशी कुकर नुसता फुसफुसत होता, शिट्टी देईना. मी घाबरून दार उघडून जिन्यात उभी राहिले, तर खालून एक उंच, वाळकुडे गृहस्थ वर आले, न विचारता स्वयंपाकघरात शिरले आणि शेकोटीपुढे धरावा तसा तळहात कुकरपुढे धरून उभे राहिले. मग म्हणाले, “प्रेशर आहे. शिट्टीत भात अडकलाय. गॅस बंद कर, थंड झाला की सुईने साफ कर.”

जाताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही शेजारी राहिलो, पण ते नाव त्यांनी एकदाही वापरलं नाही. मी त्यांच्यासाठी ‘फर्स्ट फ्लोअर’ होते. माझा नवरा ‘फर्स्ट फ्लोअरचे साहेब’.

काकांची सगळी नोकरी अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूच्या एका केमिकल कंपनीत, बॉयलरवर गेली होती. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी बॉयलर त्यांच्या अंगातून गेला नव्हता. चहाची किटली, तापाने फणफणलेलं पोर, पाण्याचा पंप, सगळ्यापुढे आधी तळहात. एकदा इमारतीचा पंप बंद पडला तेव्हा मेकॅनिक येईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. सबंध पंप त्यांनी खोलला, पुसला, परत जोडला. पंप सुरू झाला, पण एक नट उरला. सेक्रेटरी तो नट बोटांत धरून काळजीने म्हणाले, “काका, हा कुठला?”

“कंपनीवाले एखादा एक्स्ट्रा देतात,” काका म्हणाले आणि हात धुवायला गेले. पावसाळ्यात पंप कायमचा बसला, तेव्हा त्यांचं म्हणणं, “इतके दिवस चालला ना?”

मला माहीत नाही, असं ते कधी म्हणत नसत. “चेक करून सांगतो,” म्हणत. आणि कोणी रडगाणं घेऊन आलं की मध्येच तोडायचे. “प्रॉब्लेम सांगू नको. काय पाहिजे ते सांग.” लाइटबिलाच्या खिडकीपासून लग्न मोडलेल्या भाच्यापर्यंत सगळ्यांना हाच एक प्रश्न. गंमत म्हणजे बहुतेकांना त्याचं उत्तर देता यायचं नाही आणि ते गप्प घरी जायचे.

त्यांच्या बायकोला मात्र यायचं. तिला सगळे ‘बाई’ म्हणत, कारण मोरिवलीच्या वस्तीत तिने जन्मभर बालवाडी चालवली होती. काकाही तिला बाईच म्हणत. “बाई, चहा टाक.” “बाई, माझा चष्मा.” ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हळू बोलणारी. तिला काही हवं असलं की ती आधी “अहो,” म्हणायची, काका पेपर खाली ठेवेपर्यंत थांबायची, आणि मग एका वाक्यात सांगायची. “अहो, पेरूला तारेचे आकडे बांधून पाहिजेत.” काका उठायचे आणि बांधायचे.

हे आकडे पाखरांच्या करवंट्यांसाठी. त्यांच्या तळमजल्याच्या घराला मागे चारपाच पावलांचं अंगण होतं, तिथे एक पेरू. पूर्वी त्याच्यामागे भातशेती होती म्हणे, मी आले तेव्हा तिथे टॉवरचा पाया खणत होते. बाई म्हणायची, “शेत होतं तोवर त्यांचं त्यांना मिळत होतं. आता थंडीत सकाळी उठून कुठे जातील? माणसालाच उठल्याबरोबर पोटात काहीतरी लागतं.” दिवाळी सरली, नदीवरून धुकं यायला लागलं, की ती रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर परात घेऊन बसायची. बाजरीचं पीठ, दाण्याचा कूट, आणखी काय काय मळून गोळे करायची, ते नारळाच्या करवंट्यांत दाबून बसवायची आणि पेरूला टांगायची. तिचा शब्द होता ‘खाऊ’. सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बुलबुल दिसायचे, साळुंक्या दिसायच्या, नाव माहीत नसलेली हिरवट, अंगठ्याएवढी पाखरं दिसायची. करवंटीच्या काठावर बसून, झोके घेत खायची.

काकांना हा सगळा रिकामा उद्योग वाटे. “सरळ दाणे टाक ना. गोळे कशाला?”

“दाणे कबुतरं नेतात,” बाई म्हणायची.

“मग कबुतरांना काय पोट नसतं?”

“त्यांना सगळीकडे मिळतं.” एवढं बोलून ती मळायला लागायची. काका पेपरमागे जायचे. परातीत काय पडतंय हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मीही वरून बघायची ते बाईचा भांग आणि पिठाने माखलेले हात. काय घालते ते विचारावंसं कधी वाटलं नाही. ती करत होतीच ना.

दोन वर्षांमागे, दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी खालून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकांची हाक, “फर्स्ट फ्लोअर.” मी गेले तर बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, शेजारी रिकामी परात. काकांनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला होता आणि ते मला सांगत होते, “ताप नाहीये. ताप नाहीये तिला.”

अंबरनाथच्या हॉस्पिटलातून बाईला घरी आणली तेव्हा तिची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. वाचा अगदी सगळी नाही. दोन शब्द राहिले होते. “ते नाही.”

पाणी दिलं, की ते नाही. गोळी दिली, की ते नाही. नाशिकहून मुलगी आली, प्रज्ञा, तिने गळ्यात पडून “आई” म्हटलं, तेव्हाही बाई डाव्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ते नाही, ते नाही.” प्रज्ञा रडत बाहेर आली. काका दाराशी उभे होते. म्हणाले, “येईल. लाइन चोकअप आहे, क्लिअर होईल.”

प्रज्ञाला दोन लहान मुलं आणि शाळेची नोकरी. ती येऊन-जाऊन करायची. दिवसा एक मावशी बाईचं अंग पुसायला, कपडे बदलायला यायची, बाकी सगळं काका. ज्या माणसाने कधी चहा टाकला नव्हता तो आता पेज करत होता. पलंग त्यांनी मागच्या खिडकीशी ओढून घेतला, म्हणजे बाईला अंगण दिसेल. आणि तिथूनच सगळं सुरू झालं. बाई खिडकीबाहेर पेरूकडे बघायची, डावा हात उचलायची आणि म्हणायची, “ते नाही.” दिवसातून कितीतरी वेळा. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. वर येऊन मला म्हणाले, “तिला पाखरांचं टेन्शन आहे. थंडी पडली, खाऊ टांगला नाही अजून. तेच सांगते ती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात मूठमूठ तांदूळ टाकले. दुपारपर्यंत सगळ्या रस्त्यावरची कबुतरं आमच्या ग्रिलवर होती. सेकंड फ्लोअरच्या वाळत घातलेल्या चादरी खराब झाल्या. सेक्रेटरी आले. चांगले गृहस्थ, आवाज न चढवता म्हणाले, “काका, कबुतरांना दाणे नका टाकू. सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, श्वासाचे त्रास होतात.”

“कबुतरांना नाही टाकत मी,” काका म्हणाले. “ती येतात.”

खिडकीतून बाईने ते बघितलं होतं. ते नाही, म्हणाली. यावेळी तिचं बरोबर होतं, हे काकांनाही माहीत होतं.

मग गोळे. काकांचा शब्द ‘बॅच’. पहिली बॅच नुसतं बाजरीचं पीठ आणि पाणी. दुपारच्या उन्हात गोळे दगडासारखे झाले. एका कावळ्याने चोच मारून बघितली, आणि तो उडून गेला. दुसऱ्या बॅचमध्ये तेल जास्त झालं, गोळा करवंटीतून सुटून खाली पडला. गूळ घातला तर तारेवरून लाल मुंग्यांची रांग लागली. रोज संध्याकाळी काका पायरीवर परात घेऊन बसायचे, कानटोपी, कंपनीचं जुनं खाकी जॅकेट, आणि त्या उंच माणसाचे गुडघे छातीला लागलेले. वरून मला आता त्यांची कानटोपी दिसायची. मला बघून विचारायचे, “फर्स्ट फ्लोअर, तू तर रोज बघायचीस. काय टाकायची ती?”

“दाण्याचा कूट, काका. भातही असायचा बहुतेक.”

“आणि?”

“डब्यातून काहीतरी काळपट घालायची. काय ते नाही माहीत.”

“तीळ?”

“असतील.”

“की खारीक?”

मला सांगता येत नव्हतं. मी गुन्हेगारासारखी खिडकीत उभी राहायची आणि काहीतरी अंदाज सांगायची, आणि ते तो अंदाज परातीत घालायचे.

एका रविवारी म्हणाले, “उल्हासनगरला जायचंय. बाई बाजरी तिकडून आणायची. चल, मला दुकान आठवत नाहीये नीट.” मलाही आठवत नव्हतं, मी कधी गेलेच नव्हते तिच्याबरोबर. पण गेले. बाजारात दोनतीन धान्याची दुकानं बघून आम्ही एका सिंधी शेठच्या दुकानात शिरलो. पांढरे केस, कानात मशीन. काकांनी “एक बाई यायची, ठेंगणी, पाखरांसाठी बाजरी न्यायची,” असं म्हणताच शेठ उठून उभे राहिले.

“बालवाडीवाली मॅडम? हर ठंडी में आती है. ह्या टायमाला आली नाय.”

काका समोरच्या बाजरीच्या पोत्यात हात घालून उभे होते. “सर्दी झालीये तिला जरा,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शेठनी कागद पसरला आणि ते सांगत गेले. बाजरी जाडी भरडायची. राळा. कच्चे शेंगदाणे, खारे नाही. “नमक बिलकुल नको म्हणायची. पंछी के लिए जहर है, मला सांगायची.” काका एकेक वस्तू हातात घेऊन बघत होते. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

“बस? एवढंच?”

“माझ्या दुकानातून एवढंच,” शेठ म्हणाले. “बाकी बोलायची, घरी हाय. काय हाय ते मी नाय विचारलं. मॅडम से पूछो ना, घर में ही तो है.”

काका हो म्हणाले. पुड्या बांधून घेतल्या. रिक्षात त्यांनी त्या मांडीवर घेतल्या. अंबरनाथ मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, “सर्दी म्हणायला नको होतं.”

त्या संध्याकाळची बॅच दिसायला चांगली झाली. हुबेहूब बाईच्या गोळ्यांसारखी, असं मला वरून वाटलं. काकांनी एक गोळा आत नेला, बाईच्या डाव्या हातावर ठेवला. मी खाली गेले होते. बाईने तो बोटांनी फोडला, नाकाशी नेला, बराच वेळ बघितला. मग काकांकडे बघून म्हणाली, “ते नाही.”

काका खुर्चीत बसले. शांतपणे विचारलं, “मग काय?”

“ते नाही.”

“बाई, काय पाहिजे ते सांग.”

“ते नाही.”

आणि काका ओरडले. उभे राहून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे. “मग काय ते? सांग ना. किती वेळा करू? काय पाहिजे तुला, सांग.” फोडलेला गोळा बाईच्या हातातून चादरीवर सांडला. तिचे डोळे भरून आले, पण ती काकांकडे बघतच राहिली. काका मागच्या दाराने अंगणात गेले. मी चादर झटकली. बाई माझं मनगट धरून मला काहीतरी सांगत होती, तेच दोन शब्द, पण वेगवेगळ्या सुरात, जसं आपण सबंध वाक्य बोलतो तसे. मी मान हलवत होते. समजल्यासारखी. दुसरं काय करणार होते.

बोलणं सुधारण्यासाठी एक मुलगी येऊ लागली होती, अंबरनाथहून. ती चित्रं दाखवायची, ओठ कसे हलवायचे ते शिकवायची. काका तिला ‘स्पीच’ म्हणत. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा काका तिला सांगत होते, “स्पीच, ही सगळ्याला नाहीच म्हणते. इतक्या बॅच केल्या, एक पसंत पडेना.”

त्या मुलीने चित्रं खाली ठेवली. म्हणाली, “काका, त्यांना नाही म्हणायचं असेलच असं नाही.”

“म्हणजे?”

“मेंदूत बोलण्याची जागा दुखावली, की कधीकधी एकच शब्द उरतो. मनात काहीही असलं तरी तोंडातून तोच निघतो. मनात हो असलं तरी.”

काकांनी कप बशीत ठेवला. “म्हणजे इतके दिवस ती हो म्हणत असेल?”

“असेलही.”

“सगळ्या बॅचना?”

“ते नाही सांगता येणार, काका. मान हलवणंही उलटसुलट होतं त्यांचं. आपण हात दाबायला शिकवू. हो असेल तर दाबायचा.”

तिने शिकवलं. काका रोज विचारायचे. पेज हवी? बाईने हात दाबला. पेज नको? बाईने हात दाबला. प्रज्ञाला बोलावू? दाबला. मी तुला ओरडलो, राग आला? हेही त्यांनी माझ्यासमोर विचारलं, पेज हवी का विचारावं तितक्याच सरळ आवाजात. बाईने हात दाबला आणि सोडलाच नाही. काका तसेच वाकून उभे राहिले, पाठ दुखेपर्यंत.

त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं, पण गोळे सोडले नाहीत. पहिल्यापासूनच्या सगळ्या बॅच पुन्हा करायला घेतल्या, फक्त गुळाची वगळून. पेरूवर पाचसहा वेगवेगळ्या करवंट्या लटकू लागल्या. जानेवारीतल्या एका सकाळी, धुकं होतं, मी दूध तापवत होते, आणि एका करवंटीवर बुलबुलांची जोडी दिसली. मी खाली वाकून हाक मारली. काका धावत बाहेर आले, बघितलं, तसेच आत पळाले. बाईच्या पाठीला उशी लावून तिला खिडकीकडे वळवेपर्यंत पाखरं उडाली होती. रिकामी करवंटी हलत होती.

“आले होते,” काका तिला सांगत होते. “बाई, आले होते. फर्स्ट फ्लोअर, सांग तिला.”

मी वरून सांगितलं, “आले होते, बाई.”

“कुठली बॅच होती ती?” मी नंतर विचारलं. काकांचा चेहरा पडला. कुठल्या करवंटीत काय घातलं होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

पुढे पाखरं येत राहिली. पूर्वीसारखी नाहीत, पण यायची. बाई त्यांच्याकडे बघायची. कधी नजर त्यांच्यावर असायची, कधी त्यांच्यापलीकडे, टॉवरच्या भिंतीवर. आणि पेरूकडे हात करून ते नाही म्हणणं तिने थांबवलं नाही. प्रज्ञा आली तेव्हा म्हणाली, “बाबा, तिला पाखरांचं काही नसेलही. तिला बाहेर बसायचं असेल. किंवा दोरीवरचे कपडे काढायला सांगत असेल. सवय असते बायकांना.” काका म्हणाले, “चेक करतो.” त्यांनी दोरी काढून टाकली. व्हीलचेअर आणून बाईला रोज सकाळी उन्हात बसवू लागले. बाई उन्हात बसून म्हणायची, ते नाही. काका शेजारच्या पायरीवर बसून म्हणायचे, “बरं.”

थंडी ओसरली तेव्हा प्रज्ञाने ठरवलं, दोघांना नाशिकला न्यायचं. तिचं बरोबर होतं. काका वाळत चालले होते, बाईला उचलताना एकदा दोघंही पडता पडता वाचले. काकांनी वाद घातला नाही. घर भाड्याने दिलं. नाशिकला बाई जुलैपर्यंत होती. प्रज्ञाचा फोन आला, झोपेतच गेली म्हणाली. काकांशी बोलले तर ते म्हणाले, “हां, फर्स्ट फ्लोअर. पाऊस आहे का तिकडे?” आणि मग फोन प्रज्ञाकडे दिला. आताही कधीतरी फोन करते, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, कुकर नीट आहे का.

ते निघाले ती सकाळ मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडी दाराशी लागली होती, प्रज्ञा आणि ड्रायव्हर सामान ठेवत होते. मी चहा घेऊन मागच्या अंगणात गेले. बाई व्हीलचेअरवर, स्वेटर आणि शाल. काका पायरीवर परात घेऊन बसलेले. नवीन बॅच मळून झाली होती.

“काका, आता कशाला?”

“उद्याचा खाऊ. आजच टांगून ठेवतो,” ते म्हणाले. “परवाचं मग तू बघ.”

त्यांनी एक गोळा बाईच्या डाव्या हातावर ठेवला, नेहमीसारखा. बाईने तो बोटांनी फोडला. नाकाशी नेला नाही. थोडासा तुकडा चिमटीत घेऊन तिने हात लांब केला, काकांच्या तोंडापाशी.

“अगं, पाखरांचा आहे तो,” काका म्हणाले.

“ते नाही,” बाई म्हणाली. हात तसाच होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कानटोपी मागे सारली, तिच्या हाताखाली आपला तळहात धरला, कण सांडू नयेत म्हणून, आणि तोंड उघडलं. कच्ची बाजरी, बिनमिठाची. ते हळूहळू चावत राहिले. बाई पुढचा तुकडा चिमटीत धरून वाट बघत होती. बाहेरून ड्रायव्हरने हॉर्न दिला, प्रज्ञाने हाक मारली, “बाबा, निघायचं ना?”

तोंडात घास होता, म्हणून काकांनी नुसता हात वर करून तिला थांबायला सांगितलं.